सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन-ग्राहींचे वितरण : नकाशे आणि त्यांच्या वाचनाची चिकित्सा

सारांश

सेरोटोनिन या चेतापारेषकाचे ग्राही सस्तन प्राण्यांच्या मेंदूत कोठे आढळतात, याविषयीचे ज्ञान गेल्या सुमारे पाच दशकांत क्रमाक्रमाने जमा झाले आहे. या ज्ञानाचे सार बहुधा ‘ग्राही – स्थान – कार्य’ अशा तीन रकान्यांच्या तक्त्यात दिले जाते. प्रस्तुत लेखात या वितरणाचा आढावा घेऊन, ‘स्थान’ या रकान्यावरून ‘कार्य’ या रकान्यात जाण्याची जी घाई केली जाते तिची चिकित्सा केली आहे. मापनाचे साधन, पेशीतील नेमकी जागा आणि प्राण्याची जाती या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय ग्राहीच्या स्थानाविषयीचे विधान अपुरे राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सेरोटोनिन, ग्राही, राफे केंद्रके, ऑटोरेडिओग्राफी, जातिभेद

प्रस्तावना

सेरोटोनिन हे ‘आनंदाचे रसायन’ आहे, हे विधान आज इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूत ते तयार करणाऱ्या चेतापेशींची संख्या एकूण चेतापेशींच्या तुलनेत नगण्य असून त्या मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेलगतच्या राफे केंद्रकांत एकवटलेल्या आहेत. मात्र या मूठभर पेशींचे अक्षतंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोहोचतात. साहजिकच सेरोटोनिन कोठे पोहोचते, या प्रश्नाचे उत्तर ‘सर्वत्र’ असे येते आणि त्यातून फारसे काही कळत नाही. ते पोहोचल्यावर काय घडते, हे ठरते ते तेथे कोणता ग्राही, कोणत्या पेशीवर आणि पेशीच्या कोणत्या भागावर आहे यावरून. म्हणून ग्राहींच्या वितरणाचा नकाशा हा या विषयाचा पाया ठरतो आणि तो कसा वाचावा, हा प्रश्न औषधांचा उपयोग, प्राण्यांवरील प्रयोगांचे मोल आणि वर्गातील अध्यापन या तिन्हींशी जोडला जातो.

नकाशाची घडण

इटालियन संशोधक व्हिट्टोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात आतड्यातील एका द्रव्याला ‘एंटेरामिन’ असे नाव दिले होते. १९४८ साली मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी रक्तद्रवातून वेगळे केलेले ‘सेरोटोनिन’ हे तेच द्रव्य असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग आणि पेज यांनी ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखविले. पुढील वर्षी अमीन, क्रॉफर्ड आणि गॅडम यांनी कुत्र्याच्या मेंदूतील त्याचे भागवार प्रमाण मोजले. १९५५ साली रेसर्पिनमुळे सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात असे आढळले, तेव्हा या द्रव्याचा मनोव्यापारांशी संबंध जोडला जाऊ लागला. ज्या सर्पगंधेपासून रेसर्पिन मिळाले, तिचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

सेरोटोनिनचा ग्राही एकच नसावा, ही कल्पना मात्र मेंदूच्या अभ्यासातून आली नाही. १९५७ साली गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून ‘डी’ आणि ‘एम’ असे दोन प्रकार सुचविले. १९६४ मध्ये डालस्ट्रम आणि फुक्से यांनी प्रतिदीप्ती पद्धतीने राफे केंद्रकांतील सेरोटोनिन-पेशींचे बी१ ते बी९ असे गट निश्चित केले. १९७९ मध्ये पेरुट्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी बंधक-रेणूंच्या साहाय्याने मेंदूतील ग्राहींचे ५-एचटी१ आणि ५-एचटी२ असे दोन वर्ग केले. या पायावर पाझोस आणि पालासिओस यांनी १९८५ साली उंदराच्या मेंदूतील ग्राहींचे संख्यात्मक ऑटोरेडिओग्राफी नकाशे प्रसिद्ध केले आणि १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह मृत्यूत्तर मानवी मेंदूचेही नकाशे तयार केले. त्यानंतरच्या दशकात जनुकांचे क्लोनिंग झाले आणि १९९४ साली हॉयर व सहकाऱ्यांनी मांडलेल्या नामकरणात सात कुटुंबांची आजची व्यवस्था स्थिर झाली.

या इतिहासावरून एक बाब स्पष्ट होते. नकाशे आधी तयार झाले आणि ग्राहींची पूर्ण यादी नंतर आली. १९८५ च्या नकाशांत ज्याला ‘१सी’ म्हटले होते, तो ग्राही रचनेने दुसऱ्या कुटुंबातील निघाला व ‘२सी’ झाला. ‘१ए’ ओळखण्यासाठी सर्रास वापरला जाणारा ८-ओएच-डीपॅट हा रेणू १९९३ मध्ये सापडलेल्या ५-एचटी७ या ग्राहीवरही कार्य करतो, हे नंतर कळले. म्हणजेच तोवर केवळ १ए चे मानले गेलेले काही परिणाम वस्तुतः दोन ग्राहींचे असू शकत होते. हा त्या संशोधकांचा दोष नव्हे. परंतु जुना नकाशा नव्या नावांनिशी जसाच्या तसा पुन्हा छापणे हा नंतरच्या संकलकांचा दोष निश्चितच आहे.

वितरणाचे स्थूल चित्र

आज मान्य असलेले चित्र थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे. पहिल्या कुटुंबातील ग्राही सामान्यतः पेशीची उत्तेजकता कमी करतात. त्यांपैकी १ए हा हिप्पोकॅम्पस, पार्श्व सेप्टम, एन्टोरायनल कॉर्टेक्स, अमिग्डला आणि कॉर्टेक्सचे वरचे थर यांत दाट असतो. तो स्वतः राफे केंद्रकांतही विपुल आहे; याउलट तलस्थ गंडिका व अनुमस्तिष्कात तो अत्यल्प असतो. १बी चे वितरण जवळजवळ याच्या उलट आहे. सब्स्टॅन्शिया नायग्रा आणि ग्लोबस पॅलिडस येथे त्याची घनता सर्वाधिक असते.

दुसऱ्या कुटुंबातील २ए हा प्रामुख्याने कॉर्टेक्सचा ग्राही आहे. पाचव्या थरातील पिरॅमिडल पेशींच्या शिखर-वृक्षिकांवर तो ठळकपणे दिसतो. क्लॉस्ट्रम व घ्राणगुलिका येथेही तो आढळतो. २सी ची सर्वाधिक घनता कोरॉइड प्लेक्ससमध्ये आहे, तर २बी मेंदूत अगदी मोजक्या जागी सापडतो. तिसऱ्या कुटुंबातील ग्राही हा आयन-मार्ग असल्याने इतरांहून वेगळा आहे. मस्तिष्कस्तंभातील एरिया पोस्ट्रेमा आणि एकांतपथ केंद्रक, म्हणजे वांतीशी संबंधित भाग, ही त्याची प्रमुख स्थाने होत. चौथा ग्राही स्ट्रायटम, नायग्रा व हिप्पोकॅम्पस येथे, सहावा मुख्यतः स्ट्रायटम, न्यूक्लिअस अक्युम्बेन्स व घ्राणगुलिका येथे आणि सातवा थॅलॅमस, हायपोथॅलॅमस व हिप्पोकॅम्पस येथे आढळतो. पाचव्याविषयीची माहिती सर्वांत तुटपुंजी आहे.

हे चित्र ढोबळमानाने खरे आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याच्या वाचनात.

साधन आणि दृश्य

ऑटोरेडिओग्राफीत मेंदूचा पातळ छेद किरणोत्सारी रेणूत भिजवून फिल्मवर ठेवतात आणि रेणू जेथे चिकटला असेल तेथे काळेपणा उमटतो. संकरण-पद्धतीत ग्राहीच्या संदेशवाहक आरएनएचा शोध घेतात. पहिली पद्धत तयार प्रथिन कोठे आहे ते दाखविते, तर दुसरी ते प्रथिन घडविणारी पेशी कोठे आहे ते दाखविते. १ए च्या बाबतीत दोन्ही नकाशे बऱ्याच अंशी जुळतात, कारण हा ग्राही पेशीकायेवर आणि वृक्षिकांवरच राहतो. १बी च्या बाबतीत मात्र ते जुळत नाहीत. त्याचा संदेशवाहक आरएनए स्ट्रायटममध्ये विपुल असतो, तर बंधन मुख्यतः पॅलिडस व नायग्रा येथे दिसते. स्ट्रायटममधील पेशी ग्राही तयार करतात आणि तो अक्षतंतूंच्या टोकांकडे पाठविला जातो, हे याचे स्पष्टीकरण आहे. अनुमस्तिष्कातही पर्किंजे पेशींत आरएनए आणि खोलवरच्या केंद्रकांत प्रथिन अशीच विभागणी आढळते.

अशा वेळी ‘१बी कोठे असतो?’ या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात आणि दोन्ही बरोबर असतात. नायग्रामध्ये दिसणारा १बी नायग्राच्या पेशींचा नाही. तो तेथे येणाऱ्या संदेशांच्या उगमाकडील बाजूस बसून पारेषकाचे स्रवण रोखतो. तक्त्यात ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ एवढेच लिहिले तर वाचकाची समजूत नेमकी उलटी होते.

तिसऱ्या ग्राहीचे उदाहरण याहून बोलके आहे. एकांतपथ केंद्रकातील त्याचे बंधन पाहता वांतिरोधक ऑन्डॅनसेट्रॉन मेंदूतच कार्य करीत असावे, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु व्हेगस चेतेची संवेदी गंडिका काढून टाकल्यावर उंदराच्या या केंद्रकातील बंधन नाहीसे होते, असे १९८० च्या दशकाअखेरीस आढळले. म्हणजे तेथील ग्राही प्रामुख्याने अशा पेशींच्या टोकांवर आहेत की ज्यांच्या पेशीकाया मेंदूच्या बाहेर आहेत. कर्करोगावरील रसायनोपचारानंतरची वांती रोखताना हे औषध बऱ्याच अंशी आतड्यातील व्हेगस-तंतूंवर कार्य करते, हे मत त्याच्याशी सुसंगत आहे. ‘मेंदूत आढळणारा’ आणि ‘मेंदूचा’ या दोन शब्दप्रयोगांतील फरक येथे केवळ शाब्दिक राहत नाही.

एक ग्राही, दोन भूमिका

१ए या ग्राहीची दोन प्रमुख ठिकाणे परस्परविरोधी परिणाम घडवितात. राफे केंद्रकांत तो सेरोटोनिन-पेशींवरच असतो आणि त्यांचे स्पंदन मंद करतो. हा स्वयंग्राही होय. हिप्पोकॅम्पस व कॉर्टेक्समध्ये तो संदेश स्वीकारणाऱ्या पेशींवर असतो. एकाच रेणूने पहिल्या जागी सेरोटोनिनचा पुरवठा आखडतो, तर दुसऱ्या जागी त्याची क्रिया पुढे नेली जाते.

नैराश्यावरील सेरोटोनिन-पुनर्ग्रहणरोधक औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, याचे एक स्पष्टीकरण या दुहेरी स्थानावर आधारलेले आहे. औषधाने वाढलेले सेरोटोनिन प्रथम स्वयंग्राहींना जागृत करते व पेशी मंदावतात. स्वयंग्राही निबर झाल्यावर परिणाम दिसू लागतो. मग स्वयंग्राही आधीच रोखले तर? या विचारातून आर्टिगास व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पिंडोलॉल हे औषध जोडीला देण्याचा प्रयोग केला. पुढील चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र राहिले. २००१ साली पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणाच्या म्हणजे पेटच्या साहाय्याने असे दिसून आले की, चाचण्यांत रूढ असलेली दिवसाला ७.५ मिलिग्रॅम ही मात्रा स्वयंग्राही पुरेसे व्यापण्यास अपुरी होती. म्हणजे कल्पना चुकीची की मात्रा अपुरी, हा निवाडाच त्या चाचण्यांतून होऊ शकत नव्हता. पुढे २०१० मध्ये, केवळ स्वयंग्राहींची पातळी बदललेल्या माऊस जातीच्या उंदरांत तणावाला मिळणारा प्रतिसाद आणि औषधाचा गुण दोन्ही बदलतात, असे रिचर्डसन-जोन्स व सहकाऱ्यांनी दाखविले. ‘१ए ग्राही चिंता कमी करतो’ यांसारखे विधान ‘कोठला १ए?’ या प्रश्नापुढे टिकत नाही, हे यावरून लक्षात यावे.

पेशीच्या आतील जागेचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. २ए ग्राहींचा मोठा वाटा पेशीपटलावर नसून वृक्षिकांच्या अंतर्भागात असतो. २०२३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भ्रमजनक द्रव्ये पटल ओलांडून या अंतर्गत ग्राहींपर्यंत पोहोचतात, तर सेरोटोनिन सहजी पोहोचत नाही, म्हणून दोहोंचे परिणाम भिन्न असावेत, असे मांडले गेले. या मताची अधिक तपासणी आवश्यक असली तरी भागनिहाय नकाशा कितीही अचूक असला तरी तो हा भेद दाखवू शकत नाही, हे मान्य करावे लागते. शिवाय सेरोटोनिनचे अनेक अक्षतंतू नेमक्या सिनॅप्सशिवाय आसमंतात पारेषक सोडतात, त्यामुळे तंतूंची दाटी आणि ग्राहींची दाटी यांचा मेळ बसेलच असे नाही. कोरॉइड प्लेक्समध्ये २सी सर्वाधिक दाट आहे; पण ती चेतापेशींची ऊती नसून मस्तिष्कमेरुद्रव स्रवणारी ऊती आहे. घनता हेच महत्त्वाचे माप मानले तर सेरोटोनिनच्या कार्याचे केंद्र तेथे शोधावे लागेल.

कोणाचा मेंदू?

‘सस्तन प्राण्यांचा मेंदू’ हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी त्याखाली बहुतेक वेळा उंदराचा मेंदू अभिप्रेत असतो. स्थूल आराखडा उंदरापासून मानवापर्यंत बराचसा समान आहे, हे खरे. मात्र अपवाद दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. उंदरांत कार्यरत असलेल्या ५बी ग्राहीचे जनुक मानवात खंडित असल्याने त्यापासून ग्राही तयार होत नाही. याउलट मानवात असलेल्या १ई चे जनुक रॅट आणि माऊस या दोन्ही उंदरांत आढळत नाही. १बी ची जागा दोहोंत सारखी आहे, परंतु १९९२ मध्ये असे दिसून आले की, ३५५ व्या स्थानावरील एका अमिनो आम्लाच्या फरकाने त्याचे औषधशास्त्रीय वर्तन बदलते. या फरकामुळेच मानवी आणि उंदराचा ग्राही प्रारंभी वेगळे समजले गेले होते. येथे नकाशा जुळतो, पण औषध जुळत नाही.

सहाव्या ग्राहीच्या बाबतीत नकाशाही जुळत नाही. रॅट व मानव यांच्या तलस्थ गंडिकांत तो विपुल आहे, तर माऊसच्या मेंदूत त्याचे प्रमाण अत्यल्प असून तशी दाटी दिसत नाही, असे २००३ मध्ये हर्स्ट व सहकाऱ्यांनी दाखविले. जनुकबदल केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत माऊसचा वापर मोठा असल्याने या फरकाचे महत्त्व उघड आहे. या ग्राहीला रोखणारी इंटेपिर्डिन आणि इडॅलोपिर्डिन ही औषधे स्मृतिभ्रंशावर उपयुक्त ठरतील अशी अपेक्षा प्राण्यांवरील प्रयोगांमुळे निर्माण झाली होती. २०१७ आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम टप्प्यातील चाचण्यांत ती फोल ठरली. या अपयशाला जातिभेदच कारणीभूत होता, असे म्हणणे पुराव्यापलीकडचे होईल. परंतु ‘आकलनाशी संबंधित भागात ग्राही आहे, म्हणून त्यावरील औषध आकलन सुधारील’ हा तर्क किती ठिसूळ आहे, हे त्यातून निश्चित दिसते.

जिवंत मानवी मेंदूचा नकाशा

या उणिवा दूर करण्यासाठी जिवंत मानवी मेंदूचेच मापन करावे, हा उपाय पेटमुळे शक्य झाला. २०१७ मध्ये कोपनहेगन येथील संशोधकांनी २१० निरोगी व्यक्तींच्या चित्रणांवरून १ए, १बी, २ए, ४ हे चार ग्राही आणि सेरोटोनिन-वाहक यांचा संख्यात्मक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मृत्यूत्तर ऑटोरेडिओग्राफीशी सांगड घालून त्यांनी घनतेचे आकडे दिले, ही त्याची मोठी जमेची बाजू होय.

त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. चारच ग्राहींचा समावेश होण्याचे कारण त्यांचे महत्त्व एवढेच नाही. योग्य किरणोत्सारी रेणूंची उपलब्धता हेही आहे. पेटची विभेदनक्षमता काही मिलिमीटर असल्याने राफे केंद्रकांसारख्या लहान भागांचे मापन अवघड ठरते. आणि वर पाहिल्याप्रमाणे १ए चा सर्वांत कळीचा प्रश्न तेथेच आहे. अनेक मापनांत अनुमस्तिष्क हा ‘ग्राहीविरहित’ संदर्भभाग धरला जातो, परंतु १ए च्या बाबतीत तो सर्वस्वी रिता नसतो. पेशीचा प्रकार तर या चित्रात दिसतच नाही. त्यामुळे जुन्या नकाशांना हा पर्याय नाही, त्यांना पूरक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

या चिकित्सेचा महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट संबंध आहे. प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र या तिन्ही विषयांत सेरोटोनिनचा उल्लेख येतो आणि तीन ठिकाणी तो तीन प्रकारे येतो. मानसशास्त्राच्या वर्गात ‘सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ हे समीकरण अद्याप ऐकू येते. २०२२ मध्ये मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी केलेल्या व्यापक आढाव्यात या समीकरणाला सातत्यपूर्ण आधार मिळाला नाही. त्या आढाव्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. तसेच त्यावरून औषधे निरुपयोगी ठरतात असे नव्हे, कारण औषधाचा गुण आणि रोगाचे कारण हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. विद्यार्थ्याला हा फरक समजावयाचा असेल तर त्याला ग्राहींच्या स्थानाची गुंतागुंत टाळून चालणार नाही. ज्याच्या घरात कोणी अशी औषधे घेत आहे, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न नसतो.

यासाठी तक्ता टाकून देण्याची गरज नाही. ‘स्थान’ या रकान्यात तीन उपरकाने वाढविले तरी पुष्कळ साधेल : कोणत्या पद्धतीने आढळले, पेशीच्या कोणत्या भागावर आढळले आणि कोणत्या प्राण्यात आढळले. काही घरे रिकामी राहतील. ती रिकामीच ठेवावीत.

समारोप

सेरोटोनिन-ग्राहींचे नकाशे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चेताविज्ञानाची महत्त्वाची निष्पत्ती आहे. १ए हिप्पोकॅम्पस व राफेत, १बी पॅलिडस व नायग्रात, २ए कॉर्टेक्समध्ये, २सी कोरॉइड प्लेक्ससमध्ये, तिसरा मस्तिष्कस्तंभाच्या वांतिसंबद्ध भागात ही विधाने टिकून राहिली आहेत. टिकली नाहीत ती त्यांवरून घाईने काढलेली अनुमाने. १बी च्या बाबतीत ग्राही ज्या पेशीचा, ती पेशी अन्यत्र असते. १ए च्या बाबतीत एकच ग्राही दोन ठिकाणी दोन भूमिका बजावतो. सहाव्याच्या बाबतीत एका प्राण्याचे चित्र दुसऱ्याला लागू पडत नाही. ग्राही कोठे आहे हे कळणे ही कार्य समजण्याची पूर्वअट आहे, कार्याचा पुरावा नव्हे. या विवेकाने वाचल्यास हे नकाशे आजही तितकेच उपयुक्त आहेत.